आजीचा काढा, वाळुंजाची साल आणि केमिस्टची गोळी

गेल्या पावसाळ्यात एक काका ओपीडीत आले. वय साठीच्या पुढे, सोबत सून. नाव-गाव सांगता सांगता काका तीनदा थांबले, तिन्ही वेळा खोकल्यामुळे.

"किती दिवस झाले?" मी विचारलं.

"दोन महिने होत आले," सून म्हणाली. "पण बाबा डॉक्टरकडे यायला तयारच नव्हते. सकाळी अडुळशाचा काढा, रात्री हळद-दूध. काढा घेतला की थोडं बरं वाटतं म्हणतात."

काका हसून म्हणाले, "डॉक्टर, झाडपाल्याचं आहे हो. फायदा नाही झाला तरी तोटा तर नाही ना?"

हा प्रश्न मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं. तुमच्याही मनात तो कधीतरी आला असेल. "झाडपाला सगळा थोतांड" हे त्याचं उत्तर नाही आणि "नैसर्गिक म्हणजे बिनधोक" हेही नाही. खरं उत्तर इतिहासात सापडतं. म्हणून आज औषधांची यादी देण्याआधी एक गोष्ट सांगतो.

पाद्र्याने चाखलेली कडू साल

इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डजवळ चिपिंग नॉर्टन नावाचं गाव आहे. तिथे एडवर्ड स्टोन नावाचे एक पाद्री राहत. एकदा त्यांनी विलो झाडाची साल सहज चाखून पाहिली. ती इतकी कडू लागली की त्यांना सिंकोनाची आठवण झाली. सिंकोना म्हणजे दक्षिण अमेरिकेतून येणारी, हिवतापावर दिली जाणारी महागडी साल. विलो मात्र गावात ओढ्याकाठी फुकट मिळत होती.

आपल्याकडेही या झाडाचा एक भाऊबंद आहे. नदी-ओढ्याच्या काठाने वाढणारं वाळुंज ते हेच कुळ.

स्टोन यांचा तर्क आज ऐकला तर गंमत वाटेल. हिवताप दलदलीच्या जागी होतो, विलोही ओलसर जागीच वाढते, म्हणजे देवाने रोगाशेजारीच औषध ठेवलं असणार! तर्क चुकीचा होता, पण पुढे त्यांनी जे केलं ते महत्त्वाचं. त्यांनी साल तीन महिन्यांहून जास्त काळ भट्टीजवळ वाळवली, तिची पूड केली आणि थोड्या प्रमाणापासून सुरुवात करत हळूहळू मात्रा वाढवली. पाच वर्षांत सुमारे 50 रुग्णांना ती दिली आणि 1763 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीला पत्र लिहून अनुभव कळवला. बहुतेकांचा ताप उतरला होता.

पण त्या पत्रात एक प्रामाणिक कबुली आहे. काही चिवट तापांवर नुसती विलो पुरली नाही, विशेषतः चौथ्या दिवशी उलटणाऱ्या तापावर. तेव्हा त्यांना तिच्यात पाचवा हिस्सा सिंकोना मिसळावी लागली.

असं का झालं, ते आज आपल्याला कळतं. विलोची साल ताप उतरवते, पण हिवतापाच्या जंतूला ती मारत नाही. सिंकोनातलं क्विनीन त्याला मारतं. दोन्ही साली कडू आणि दोन्हींनी अंग गार पडतं, पण एक लक्षण शमवते, दुसरी आजारावर काम करते. हा फरक लक्षात ठेवा. पुढे तो पुन्हा येणार आहे.

सालीतून गोळी

पुढची शंभर वर्षं रसायनशास्त्रज्ञांची होती. 1828 मध्ये म्युनिकच्या योहान बुखनर यांनी सालीतून पिवळसर, कडू पदार्थ वेगळा काढला. विलोचं लॅटिन नाव 'सॅलिक्स', म्हणून त्याला नाव मिळालं सॅलिसिन. दहा वर्षांनी इटालियन रसायनशास्त्रज्ञ राफाएले पिरिया यांनी त्यापासून सॅलिसिलिक ॲसिड बनवलं.

1876 मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातले डॉक्टर थॉमस मॅक्लॅगन यांनी सांधेतापाच्या रुग्णांना सॅलिसिन दिलं. सुजलेले, हात लावू न देणारे सांधे काही दिवसांत मोकळे झाले. त्या काळात हा चमत्कारच होता. पण इथेही तीच गोष्ट. सांधे बरे झाले तरी या आजारात हृदयाच्या झडपांना होणारी इजा त्याने टळत नव्हती. त्यासाठी पेनिसिलिन येईपर्यंत थांबावं लागलं.

सॅलिसिलिक ॲसिडचा त्रासही मोठा होता. पोटात आग पडायची, मळमळ व्हायची, कान वाजायचे. 10 ऑगस्ट 1897 रोजी जर्मनीतल्या बायर कंपनीत फेलिक्स हॉफमन यांनी त्याला थोडं सौम्य रूप दिलं. (श्रेय नक्की कोणाचं यावर पुढे वाद झाला. त्यांचे सहकारी आर्थर आयशेनग्र्युन यांनी त्यावर हक्क सांगितला.) 1899 मध्ये हे औषध बाजारात आलं. तीच आपली ॲस्पिरिन.

योगायोग पाहा. त्याच महिन्यात, 20 ऑगस्ट 1897 ला, सिकंदराबादेत रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचा जंतू सापडला. एकीकडे ताप उतरवणारी गोळी तयार झाली होती आणि दुसरीकडे तापाचं खरं कारण हाती येत होतं.

ॲस्पिरिन नेमकं काय करते हे कळायला मात्र 1971 उजाडलं. शरीरात वेदना, सूज आणि ताप निर्माण करणारे प्रोस्टाग्लँडिन नावाचे पदार्थ ती बनू देत नाही, हे जॉन वेन यांनी दाखवलं. त्यासाठी 1982 मध्ये त्यांना दोन शास्त्रज्ञांसोबत नोबेल मिळालं.

खोकल्याची दुसरी बाटली

आता खोकल्याकडे येऊ. ॲस्पिरिननंतर दोन आठवड्यांच्या आत हॉफमन यांनी त्याच प्रयोगशाळेत आणखी एक पदार्थ बनवला. त्याचं मूळही नैसर्गिकच होतं, खसखशीच्या बोंडातून निघणारी अफू. 1898 मध्ये तो खोकल्याचं औषध म्हणून विकायला आला. नाव ठेवलं 'हेरॉइन'.

होय, तेच. त्या काळी क्षयरोग आणि न्यूमोनिया घराघरांत माणसं नेत होते. रात्रभर खोकणाऱ्या माणसाला या औषधाने झोप लागायची. खोकला थांबला म्हणजे आजार हटतोय, असं वाटायचं. प्रत्यक्षात क्षयाचे जंतू फुप्फुस पोखरतच राहायचे आणि वर माणसाला व्यसन लागायचं. 1913 च्या सुमारास कंपनीने ते बनवणं बंद केलं.

क्षयाचा जंतू 1882 मध्येच रॉबर्ट कॉख यांनी शोधला होता. म्हणजे कारण ठाऊक असूनही, त्यावर औषध नसल्यामुळे, डॉक्टर लक्षणच दाबत होते. आज आपल्याकडे औषध आहे. तरीही आपण लक्षणच दाबत बसलो, तर दोष कोणाचा?

कुंपणावरचा अडुळसा

काकांचा अडुळसा मात्र अगदीच टाकाऊ नव्हता. कोकणात, देशावर कुंपणाला लावलेला अडुळसा तुम्ही पाहिला असेल. पांढरी फुलं, कडू पानं. शेळ्याही त्याला तोंड लावत नाहीत. आयुर्वेदात त्याला 'वासा' म्हणतात. शंभरेक वर्षांपूर्वी भारतीय रसायनशास्त्रज्ञांनी त्याच्या पानांतून एक द्रव्य वेगळं केलं, त्याला 'व्हॅसिसिन' नाव मिळालं. त्याच्या रचनेवरून 1960 च्या दशकात जर्मनीत ब्रोमहेक्सिन हे कफ पातळ करणारं औषध तयार झालं. ब्रोमहेक्सिनचं शरीरात जे रूपांतर होतं, ते ॲम्ब्रॉक्सॉल. घरातली खोकल्याच्या औषधाची बाटली उलटून पाहा. बऱ्याच बाटल्यांवर यातलं एखादं नाव दिसेल.

म्हणजे आजीचा काढा आणि केमिस्टची बाटली एकमेकांचे नातेवाईक आहेत. फरक मात्रेचा आहे. बाटलीवर प्रत्येक चमच्यात किती मिलिग्रॅम ते लिहिलेलं असतं. काढ्यात पानं कोवळी की जून, किती उकळली, यावर सगळं अवलंबून. आणि व्हॅसिसिनमुळे गर्भाशय आकुंचन पावू शकतं, म्हणून गरोदर बाईने अडुळशाचा काढा घेऊ नये.

हळदीचीही एक गोष्ट तुम्हाला आठवत असेल. 1995 मध्ये जखम भरण्यासाठी हळदीच्या वापराचं पेटंट अमेरिकेत दिलं गेलं. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली आपल्या सीएसआयआरने जुने ग्रंथ आणि लेख पुढे ठेवून ते आव्हानित केलं आणि 1997 मध्ये ते रद्द झालं. आपल्या सगळ्यांना अभिमान वाटला, वाटायलाच हवा. पण सिद्ध काय झालं, तर ही माहिती नवी नव्हती एवढंच. हळद-दुधाने दोन महिन्यांचा खोकला बरा होतो, असं त्यात कुठेही सिद्ध झालेलं नाही.

मग घरी काय करायचं?

साधी सर्दी, पडसं, थोडा खोकला, दमल्यावर दुखणारी पाठ यासाठी घरगुती उपाय जरूर करा. फक्त ही काळजी घ्या.

* मध: एक वर्षावरच्या मुलांना झोपताना अर्धा ते एक चमचा मध दिला तर रात्रीचा खोकला कमी होतो, असं अभ्यासांत दिसलं आहे. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र मधाचं बोटसुद्धा चाटवू नका. त्यातून बॉट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.
* मिठाच्या पाण्याच्या गुळण्या: घसा खवखवत असेल तर आराम पडतो. खर्च शून्य.
* वाफ: नाक थोडं मोकळं वाटतं, आजार कमी होत नाही. उकळत्या पाण्याचं पातेलं सांडून मुलं भाजतात. लहान मुलांना वाफ देण्याचा हट्ट सोडा.
* ज्येष्ठमध: घशाला बरं वाटतं. पण रोज, बरेच दिवस चघळलं तर रक्तदाब वाढतो आणि शरीरातलं पोटॅशियम कमी होतं. बीपी किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी टाळावं.
* बाम आणि गंधपुरा तेल: चोळल्यावर येणारा तो ओळखीचा वास मिथाइल सॅलिसिलेटचा, म्हणजे विलोच्या सालीच्याच कुळातला. चोळायला ठीक. पण शुद्ध गंधपुरा तेलाच्या एका चमच्यात वीसहून जास्त ॲस्पिरिन गोळ्यांइतकं औषध असतं. मुलाच्या हाती लागलं आणि त्याने प्यायलं तर जीवावर बेतू शकतं. कापूरही तसाच. पोटात गेला तर मुलांना झटके येतात. दोन्ही वस्तू उंच, बंद कपाटात ठेवा.
* ॲस्पिरिन: तापात मुलांना देऊ नका. रे सिंड्रोम नावाचा यकृत आणि मेंदूचा आजार त्यातून होऊ शकतो. डेंगीची शंका असेल तर मोठ्यांनीही ॲस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन स्वतःहून घेऊ नये, रक्तस्रावाचा धोका असतो. हृदयासाठी डॉक्टरांनी सुरू केलेली ॲस्पिरिन मात्र न विचारता बंद करू नका.

आणि एक विनंती. काढा, चूर्ण, कॅप्सूल, जे काही घेत असाल ते डॉक्टरांना सांगा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना तर नक्कीच. कोणी रागावलं तरी सांगा.

थांबायचं कधी?

दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. थुंकीतून रक्त, संध्याकाळचा बारीक ताप, रात्रीचा घाम, वजन उतरणं, धाप लागणं, यातलं काहीही असेल तर दोन आठवड्यांचीही वाट पाहू नका. अंगदुखीत छातीत दाब येऊन हात-जबड्याकडे कळ जात असेल, पाठदुखीबरोबर पाय लुळे पडत असतील किंवा लघवी अडत असेल, तर बाम चोळत बसू नका, तडक हॉस्पिटल गाठा.

काकांच्या थुंकीत क्षयाचे जंतू सापडले. सहा महिन्यांचे उपचार सुरू झाले. सून आणि लहान नातू, दोघांचीही तपासणी केली. सुदैवाने दोघांनाही लागण झाली नव्हती. काढ्याने काकांचं थेट नुकसान केलं नव्हतं. पण काढ्याने बरं वाटत राहिलं, म्हणून दोन महिने गेले, आणि ते दोन महिने नातू त्यांच्याच कुशीत झोपत होता. "तोटा तर नाही ना?" या प्रश्नाचं उत्तर ते आहे.

गोळ्या सुरू झाल्यावर काकांनी पुन्हा विचारलं, "मग काढा बंदच का?"

मी म्हटलं, "आलं-मध घाला, गरम गरम प्या. पण आधी गोळी, मग काढा. आणि गोळी एकही दिवस चुकवायची नाही."

काकांनी एकही चुकवली नाही.