काचपात्रांतील समुद्र

समुद्राचें पाणी घागरींत भरून घरीं आणणें सोपें आहे. परंतु समुद्र घरीं आणणें सोपें नाहीं. घागरींतील पाणी थोड्याच दिवसांत नासतें व त्यांत सोडलेला जीव मरतो. मग समुद्र स्वतः कां नासत नाहीं? या साध्या प्रश्नाचें उत्तर सांपडून तें घरगुती काचपात्रांत उतरावयास शंभराहून अधिक वर्षें लागलीं. तो इतिहास आम्हांस बोधप्रद वाटतो, म्हणून येथें थोडक्यांत मांडीत आहों.

१८४६ सालीं ॲना थिन या इंग्रज बाईंना टॉर्कीच्या किनाऱ्यावर कांहीं प्रवाळजीव सांपडले. त्यांनीं ते दगडी बरणींत घालून लंडनला नेले व हलूं नयेत म्हणून सुईदोऱ्यानें स्पंजास टांकून ठेवले. पाण्यास हवा मिळावी म्हणून त्यांची मोलकरीण उघड्या खिडकीपाशीं तें एका भांड्यांतून दुसऱ्या भांड्यांत रोज अर्धा-पाऊण तास ओतीत असे. पुढें १८४७ सालीं बाईंनीं पाण्यांत समुद्रवनस्पतीहि ठेवल्या. प्रवाळजीव सुमारें तीन वर्षें जगले. श्रेय बाईंचें खरें. पण त्या मोलकरणीचे हातहि विसरतां कामा नये.

सूर्यप्रकाशांत वनस्पति प्राणवायु देतात, हें प्रीस्टली व इंगेनहाउझ यांनीं अठराव्या शतकांतच दाखविलें होतें. या ज्ञानाचा पद्धतशीर उपयोग लंडनचे रसायनशास्त्रज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनीं केला. १८४९ सालीं त्यांनीं एका पात्रांत सोनेरी मासे व पाणवनस्पति ठेवल्या. पानें कुजून पाणी गढूळ होऊं लागलें, तेव्हां त्यांनीं गोगलगाई सोडल्या; गोगलगाईंनीं कुजकीं पानें खाल्लीं व पाणी निवळलें. पुढें त्यांनीं हाच प्रयोग खाऱ्या पाण्यांत केला. काचेवरील कर १८४५ सालींच उठला होता. फिलिप हेन्री गॉस यांच्या साहाय्यानें १८५३ सालीं लंडनच्या प्राणिसंग्रहालयांत मत्स्यालय उघडलें, १८५४ सालीं त्यांचा या विषयावरील ग्रंथ निघाला, आणि मध्यमवर्गीय दिवाणखान्यांत समुद्र येऊन बसला.

परंतु या हिशेबांत एक रकमेची चूक होती. प्राणी प्राणवायु घेतो हें सर्वांनीं धरलें. पण तो मलमूत्रहि टाकतो, त्याचा अमोनिया होतो व तोच त्यास विष होतो, याची जमाखर्चांत नोंद नव्हती. १८७७ सालीं श्लोझिंग व म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनीं सांडपाणी वाळूंतून झिरपविलें, तेव्हां अमोनियाचें नायट्रेट झालेलें दिसलें. क्लोरोफॉर्मची वाफ देतांच ती क्रिया थांबली. अर्थात् ती करणारें कांहीं तरी जिवंत होतें. ही क्रिया दोन टप्प्यांनीं होते व प्रत्येक टप्प्याचे जंतु निराळे, हें रॉथमस्टेड येथील शेतकी प्रयोगशाळेंत ज्यांनीं दाखविलें, ते रॉबर्ट वॉरिंग्टन म्हणजे आमच्या गोगलगाईवाल्या वॉरिंग्टनचेच चिरंजीव! ते जंतु वेगळे काढण्याचें यश मात्र १८९० च्या सुमारास विनोग्राड्स्की यांस लाभलें. पित्याच्या काचपात्रांत जें मुकाट्यानें चाललें होतें, त्याचें मर्म पुत्रानें शेतांतल्या मातींत शोधिलें, हा योग आम्हांस मोठा मनोहर वाटतो.

तरीहि पुष्कळ काळ शौकीन लोक प्रवाळांचे धुतलेले पांढरे सांगाडेच पात्रांत मांडीत. जाकार्ताचे ली चिन एंग यांनीं १९६१ सालीं उलट मार्ग प्रसिद्ध केला: समुद्रांतील सजीव खडक जसेचे तसे ठेवावे, वर प्रकाश व खालून हवेचे बुडबुडे द्यावे, बाकीचें काम खडक करील. कारण खडकाच्या पृष्ठभागावर अमोनियाचें नायट्रेट होतें, आणि प्राणवायु न पोहोंचणाऱ्या आंतल्या छिद्रांत दुसरे जंतु त्या नायट्रेटचा नत्रवायु करून हवेंत सोडतात. बर्लिनच्या शौकिनांनीं याला फेंस काढणाऱ्या यंत्राची जोड दिली; मोनॅकोच्या जोबेर यांनीं तेंच काम वाळूच्या जाड थराकडून करविलें. युक्त्या निराळ्या, मजूर तेच.

या शौकाची दुसरी बाजू सांगितल्याशिवाय लेखणी ठेववत नाहीं. गॉस यांच्या ग्रंथांनीं हजारों लोक किनाऱ्यावर धांवले व खडकांतील कुंडें ओरबाडून गेलीं. त्याचें दुःख त्यांचे पुत्र एडमंड यांनीं १९०७ सालीं लिहून ठेवलें आहे. ज्यानें सौंदर्य दाखविलें, त्याच्याच हातून तें उजाड झालें! आपल्या मालवणच्या समुद्रांतहि प्रवाळ आहे, व त्यास १९७२ च्या वन्यजीव कायद्याचें संरक्षण आहे. परंतु कायद्यापेक्षां समज अधिक राखते. काचपात्रांतला हातभर समुद्र स्वच्छ ठेवण्यास माणसाला एवढें शतक खर्चावें लागलें. बाहेरचा समुद्र हेंच काम विनातक्रार, विनावेतन करीत आला आहे. त्याचे ते अदृश्य चाकर आपण मारले, तर त्यांच्या जागीं पाणी ओतीत उभी राहील अशी मोलकरीण आपणांस कोठें मिळणार?