जे विमान कधी उडालेच नाही : एका जुन्या प्लास्टिक किटची गोष्ट

१/
माझ्या टेबलावर एक काळे विमान उभे आहे. अंग गोलसर, कडा गुळगुळीत, शेपटीचे दोन उभे पंख आतल्या बाजूला कललेले. खोक्यावरचे नाव : एफ-१९ स्टेल्थ फायटर. हे विमान जगातल्या कोणत्याही हवाई दलात कधीच नव्हते. तरीही १९८६ साली त्याचे किट अमेरिकेत खेळण्यांच्या दुकानांतून विकले जात होते. ते जोडताना मला एक पेच पडला. तो पेच प्लास्टिकपेक्षा इतिहासाचा अधिक आहे, म्हणून हा धागा.

२/
आधी पार्श्वभूमी. रडारला चकवणारे तंत्रज्ञान आपल्या हाती आले आहे, हे अमेरिकेचे संरक्षणमंत्री हॅरॉल्ड ब्राउन यांनी ऑगस्ट १९८० मध्ये जाहीर केले होते. त्यानंतर मात्र शांतता पसरली. प्रत्यक्ष विमानाने १८ जून १९८१ रोजी पहिले उड्डाण केले. १९८३ पासून ते नेव्हाडातील टोनोपा तळावर सज्ज होते आणि रात्रीच्या अंधारात उडत होते. नाव, आकार, संख्या, सारे काही गुप्त.

३/
जिथे माहिती नसते तिथे तर्क घर करतो. अमेरिकेच्या लढाऊ विमानांच्या अनुक्रमात एफ/ए-१८ नंतर एकदम एफ-२० आले. मधला १९ हा आकडा गेला कुठे? तोच गुप्त विमानाचा असणार, असे लोकांनी ठरवून टाकले. या रिकाम्या आकड्याला शरीर दिले ते टेस्टर्स या मॉडेल कंपनीचे रचनाकार जॉन अँड्र्यूज यांनी.

४/
त्यांच्यासमोर मूळ विमान नव्हते, आराखडे नव्हते, छायाचित्र तर नव्हतेच. होती ती उघड झालेली तुटपुंजी माहिती आणि आधीच्या विमानांचा अनुभव. एसआर-७१ या टेहळणी विमानाच्या शेपटीचे पंख आत कललेले आहेत आणि त्यामागे रडारचाच विचार होता, हे जाणकारांना ठाऊक होते. एफ-१९ च्या अंगावर त्या विमानाची छाया स्पष्ट दिसते.

५/
मग खेळण्याने राजकारणात पाऊल टाकले. प्रतिनिधिगृहाचे सदस्य रॉन वायडन यांनी लॉकहीड कंपनीच्या अध्यक्षांना भर सुनावणीत विचारले, की जे विमान लोकप्रतिनिधींनाही पाहू दिले जात नाही, ते मॉडेलच्या खोक्यात कसे पोहोचते? वरवर पाहता प्रश्न हास्यास्पद वाटतो. पण आपल्याच पैशातून काय उभे राहते आहे हे जाणण्याचा लोकांचा अधिकार किती, हा त्यामागचा प्रश्न हास्यास्पद नव्हता.

६/
त्या गुप्ततेची दुसरी बाजूही पाहा. ११ जुलै १९८६ रोजी कॅलिफोर्नियातील बेकर्सफील्डजवळच्या वनप्रदेशात एक खरे गुप्त विमान कोसळले. वैमानिक मेजर रॉस मुलहेअर मृत्यू पावले. अपघाताच्या जागेभोवती पहारा बसला. तो माणूस कोणत्या विमानात गेला, हे सांगायला सरकार तयार नव्हते. त्या वर्षी सामान्य माणसाकडे त्या विमानाची जी प्रतिमा होती, ती एका खोक्यावरची होती.

७/
१० नोव्हेंबर १९८८ रोजी पेंटागॉनने अखेर एक छायाचित्र प्रसिद्ध केले. एकच, आणि तेही धूसर. नाव एफ-१९ नव्हते, एफ-११७ होते. आकार तर अगदीच निराळा : सपाट पृष्ठभागांचे, पैलू पाडलेल्या हिऱ्यासारखे विमान. शेपटीचे पंख आत कललेले नव्हते, इंग्रजी व्ही अक्षरासारखे बाहेर उघडलेले होते.

८/
पैलू का? सपाट पृष्ठभागावर आदळलेली रडारलहर ठरावीक दिशेला फेकली जाते. ती दिशा रडारपासून दूर ठेवली की विमान जवळजवळ दिसेनासे होते. वक्र पृष्ठभागांचे असे गणित करण्याची क्षमता सत्तरच्या दशकातील संगणकांत नव्हती. विशेष म्हणजे या गणिताचा पाया सोव्हिएत शास्त्रज्ञ प्योत्र उफिम्त्सेव्ह यांच्या १९६२ च्या, उघडपणे छापलेल्या प्रबंधात होता. रहस्य तिजोरीत नव्हते, ग्रंथालयात होते.

९/
आणखी एक गंमत. १९८७ मध्ये टेस्टर्सने मिग-३७ या काल्पनिक सोव्हिएत स्टेल्थ विमानाचे किट काढले. त्याचे अंग सपाट पैलूंचे होते! म्हणजे सत्याच्या अधिक जवळ गेलेला तर्क चुकून शत्रूच्या नावावर जमा झाला.

१०/
आता माझ्या टेबलाकडे. जुने किट म्हणजे जुना कागद; घाई चालत नाही. डेकल, म्हणजे पाण्यात भिजवून चिकटवायची चिन्हे, पिवळी पडली होती. ती खिडकीच्या काचेला लावून काही दिवस उन्हात ठेवली, तसा पिवळेपणा उतरला. पाण्यात तुकडे होऊ नयेत म्हणून वर पारदर्शक वार्निशचा हात दिला. पावसाळी दमट हवेत रंगावर पांढुरकी साय धरते, म्हणून रंगकाम दसऱ्यानंतरच काढले.

११/
पेच पडला तो बारकाव्यांपाशी. एरवी आपण मूळ विमानाची छायाचित्रे समोर ठेवून कॉकपिट, रिव्हेट, उडालेला रंग असे एकेक तपशील भरतो. इथे मूळच नाही. मग एफ-११७ विषयी आज जे ठाऊक आहे ते यात भरावे का? मोह जबरदस्त होता. कानशीने कडा सपाट कराव्यात, निदान कॉकपिट तरी ‘खरे’ करावे.

१२/
मी ते केले नाही. १९८६ चा माणूस काय जाणत होता आणि काय जाणू शकत नव्हता, याचे हे किट पुरावा आहे. त्याची चूक दुरुस्त करणे म्हणजे जुन्या बखरीतील चुकीची तारीख खोडून वर बरोबर तारीख लिहिणे. वाचकाची सोय होईल, पण साधन नष्ट होईल. म्हणून नियम केला : १९८६ नंतरची एकही माहिती या विमानात जाणार नाही. कॉकपिटसाठी त्या काळी सर्वांना माहीत असलेल्या एफ/ए-१८ चा नमुना घेतला.

१३/
काम संपल्यावर एफ-११७ विषयी पुन्हा वाचायला घेतले. खर्च आणि वेळ वाचवण्यासाठी त्यात तयार भाग वापरले होते : एफ-१६ ची उड्डाण-नियंत्रण यंत्रणा, एफ/ए-१८ च्या इंजिनांचाच एक प्रकार, कॉकपिटमधील काही उपकरणेही त्याच विमानाची. बाहेरून साफ चुकलेले माझे विमान आतून थोडे बरोबर निघाले, तेही त्या काळाशी प्रामाणिक राहिल्यामुळे.

१४/
इतिहासाच्या विद्यार्थ्याला ‘हे साधन खरे की खोटे’ एवढ्यावर थांबता येत नाही. ते का चुकले आणि त्या चुकीवर लोकांनी विश्वास का ठेवला, हेही विचारावे लागते. तुमच्या माळ्यावर एखादे जुने किट, नकाशा वा शालेय तक्ता पडला असेल, तर तो ‘चुकीचा’ म्हणून रद्दीत देण्याआधी एकदा खाली काढून पाहा.