मोठ्या डिस्कला मोठा वाटा

स्टोरेज क्लस्टर नवा असतो तेव्हा सगळ्या डिस्क एकाच मापाच्या असतात. वर्षं जातात, काही डिस्क निकामी होतात, बाजारात जुनं माप मिळेनासं होतं आणि 4 टेराबाइटच्या शेजारी 12 टेराबाइटची डिस्क येऊन बसते. असे क्लस्टर सांभाळणं हेच माझं काम, त्यामुळे कोणत्या डिस्कला किती डेटा द्यायचा, या वाटणीचा इतिहास मला जवळचा.

1997 साली डेव्हिड कार्गर आणि सहकाऱ्यांनी कन्सिस्टंट हॅशिंग मांडलं: नवा सर्व्हर आला तरी हलावा तो थोडाच डेटा. 2004 मध्ये सांताक्रूझच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात होनिकी आणि मिलर यांनी डेटा वाटण्याची 'रश' पद्धत मांडली. 2006 मध्ये तिथल्याच सेज वाइल आणि सहकाऱ्यांनी 'क्रश' सादर केली. सेफ ही स्टोरेज प्रणाली तिच्यावरच उभी आहे.

क्रशची जिद्द मोठी होती. कोणता डेटा कुठे, याची यादी ठेवायचीच नाही. सूत्र मांडून कुणीही पत्ता काढावा. एका टेराबाइटला साधारण एक, असं डिस्कचं वजन ठरतं. डेटाच्या प्रत्येक गटासाठी डिस्क जणू काड्या ओढतात, सर्वांत लांब काडीवाली जिंकते आणि जास्त वजनाच्या डिस्कची काडी लांब निघण्याचा संभव जास्त.

पण या काड्यांची लांबी ठरवताना सगळ्यांची वजनं एकमेकांत गुंतत. एका डिस्कचं वजन बदललं की ज्यांचा काही संबंध नाही अशा डिस्कमध्येही डेटा इकडचा तिकडे होई. सेफच्या 2015 च्या 'हॅमर' आवृत्तीत काडी ओढण्याची नवी रीत, 'स्ट्रॉ2', आली. आता प्रत्येकीची काडी फक्त तिच्याच वजनावर ठरते, त्यामुळे हालचाल होते ती बदललेल्या डिस्कपुरतीच.

तरीही नशिबाची वाटणी तंतोतंत समान होत नाही. सरासरी 70 टक्के भरलेल्या क्लस्टरमधली एखादी डिस्क 85 च्या पुढे जाते, आणि ती 95 ला टेकली की लिहिणं थांबतं. म्हणून 2017 च्या 'ल्युमिनस'मध्ये 'अपमॅप' आलं: सूत्राला अपवाद असलेल्या गटांची छोटी नोंद. टाळलेली यादी परत आली, पण गरजेपुरती. मला हा या इतिहासातला सर्वांत प्रामाणिक टप्पा वाटतो.

वजनाने सगळं साधत नाही. 12 टेराबाइटच्या डिस्ककडे तिप्पट डेटा जातो, तशा मागण्याही तिप्पट येतात. तिचा वेग मात्र तिप्पट नसतो. शिवाय तीनच सर्व्हर आणि डेटाच्या तीन प्रती, प्रत्येक सर्व्हरवर एक, असतील, तर सर्वांत लहान सर्व्हर भरला की संपलं. म्हणून मी मोठ्या डिस्क एकाच सर्व्हरमध्ये न कोंबता सगळ्यांत सारख्या वाटतो. सूत्र कितीही चोख असो, ही वाटणी माणसालाच करावी लागते.