तोफ उतरवा, माणसं बसवा

ऑगस्ट 1944 चा पहिला आठवडा. तुम्ही नॉर्मंडीत आहात, बायो गावाजवळच्या उघड्या शेतात. कानठळ्या बसवणारी ठोकाठोक चालली आहे. रांगेने 'प्रीस्ट' उभ्या आहेत. रणगाड्याच्या सांगाड्यावर 105 मिलिमीटरची तोफ बसवलेल्या या अमेरिकी गाड्या. त्यांच्या तोफा आता काढल्यात आणि समोर पडलेलं भगदाड बुजवायला कारागीर पोलादी पत्रे झाळताहेत. जाड पत्रा संपला, की दोन पातळ पत्रे लावून मधल्या पोकळीत वाळू भरायची. कोणीतरी तुमच्याही हातात फावडं देतं. भरा वाळू.

एवढी घाई कशासाठी? 25 जुलैला व्हेरिएरच्या चढावर कॅनडाच्या ब्लॅक वॉच पलटणीचे 300 हून अधिक जवान उभ्या पिकातून चालत गेले. परतले पंधराएक. रणगाडा चिलखतात आणि पायदळ उघड्यावर, फार तर पातळ पत्र्याच्या गाडीत, ही तोवरची रीत. कोअर कमांडर गाय सिमंड्स यांनी ती मोडली. रणगाड्याला जे कवच, तेच त्याच्यासोबतच्या माणसालाही. मला या युद्धातल्या कुठल्याही नव्या तोफेपेक्षा हा निर्णय मोठा वाटतो. सांकेतिक नाव 'कांगारू' होतं ते या कामचलाऊ कारखान्याचं. पुढे तेच गाड्यांना चिकटलं. आठवडाभरात 76 गाड्या तयार झाल्या.

7 ऑगस्टची रात्र. गाडीला दार नाही, बाजूने चढा. दहाएक जण खांद्याला खांदा लावून बसलेत, डोक्यावर छप्पर नाही. अकरा वाजता बॉम्बफेक सुरू होते, साडेअकराला चार-चार गाड्यांच्या रांगा दक्षिणेकडे, फालेझच्या दिशेने सुटतात. सर्चलाइटचे झोत ढगांवर सोडलेत, त्यांचा फिकट उजेड खाली उतरतो. दिशा कळावी म्हणून बोफोर्स तोफांचे लाल गोळे डोक्यावरून जाताहेत. पण धूळ अशी, की पुढची गाडीही धड दिसत नाही. कित्येक गाड्या वाट चुकतात. बंदुकीच्या गोळ्या बाहेरच्या पोलादावर आपटतात, आत येत नाहीत.

पहाटेपर्यंत तुम्ही जर्मन फळीच्या काही किलोमीटर मागे पोहोचलेले असता. आता उतरायचं, म्हणजे काठावर चढून खाली उडी. ऐन मोक्याच्या क्षणी तुम्ही सगळ्यांत उंच आणि सगळ्यांत उघडे! ही या गाडीची खरी उणीव. पुढे कॅनडाच्या 'रॅम' रणगाड्यांचे बुरूज काढून नवे कांगारू केले, तेव्हाही ती राहिलीच.

चाळीसेक वर्षं पुढे, इस्रायलमध्ये या. शत्रूकडून हाती लागलेल्या टी-55 रणगाड्यांचा बुरूज उतरवलाय. हे रोजचंच झालं. खरी करामत मागे आहे. जुनं इंजिन काढून आटोपशीर इंजिन बसवलं आणि शेजारी वाचलेल्या जागेतून एक अरुंद बोळ थेट मागच्या दारापर्यंत काढला. ही 'अखझारित'. वाकून, एकामागोमाग एक बाहेर पडा. समोरच्या गोळ्या आणि तुम्ही यांच्यामध्ये आता 44 टनांची गाडी उभी आहे.