पॅनोरमात बाबा दोनदा का दिसतात

आजचा भाग सुरू करण्याआधी एक छोटंसं काम करा. फोनची गॅलरी उघडा आणि तुम्ही काढलेला सगळ्यात आडवा, सगळ्यात लांबडा फोटो शोधा. ट्रेकला काढलेला असेल, गच्चीवरून काढलेला असेल, नाहीतर ताईच्या लग्नाच्या हॉलमधला असेल. सापडला? आता झूम करा आणि चूक शोधा. असणारच. कुणाचा हात कोपरापासून गायब असेल, कुत्र्याला सहा पाय असतील, विजेची तार मध्येच तुटून दोन बोटं वर सरकलेली असेल.

माझ्याकडच्या फोटोत माझे बाबा दोनदा आहेत.

झालं असं की आमची लालबागची चाळ पुनर्विकासाला गेली. खोली रिकामी करायच्या आदल्या रविवारी मी चौकात मधोमध उभा राहिलो आणि डावीकडच्या जिन्यापासून उजवीकडच्या नळापर्यंत फोन फिरवत नेला. बाबा जिन्यापाशी उभे होते. कॅमेरा पुढे गेला तसं त्यांना वाटलं, झाला फोटो. ते माझ्या पाठीमागून चालत नळापाशी गेले आणि तिथे उभे राहिले. फोटोत एक बाबा जिन्यापाशी, एक बाबा नळापाशी. आई म्हणाली, "डिलीट कर ते, भुताटकी वाटते." मी नाही केला. उलट नोकरीच कोड लिहायची असल्यामुळे हा बग नेमका कुठे आहे ते शोधत बसलो. शोधता शोधता दोनशे-सव्वादोनशे वर्षं मागे गेलो. तीच आजची गोष्ट.

आधी शब्द बघू. पॅनोरमा हा शब्द कॅमेऱ्यापेक्षा जुना आहे. रॉबर्ट बार्कर नावाच्या आयर्लंडमध्ये जन्मलेल्या चित्रकाराने एडिनबरा शहरातल्या काल्टन टेकडीवरून दिसणारा सगळा देखावा, गोल फिरून दिसेल तसा, एकाच चित्रात बसवला. १७८७ साली त्याने या कल्पनेचं पेटंट घेतलं. ग्रीक भाषेतले 'सगळं' आणि 'दृश्य' हे दोन शब्द जोडून पॅनोरमा हे नाव नंतर आलं. १७९३ मध्ये लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये त्याने यासाठी खास गोल इमारतच उभी केली. अंधाऱ्या वाटेने आत जायचं, मधल्या चबुतऱ्यावर चढायचं आणि एकदम चारही बाजूंना चित्र. वरून उजेड, आणि चित्राची वरची-खालची कड दिसणार नाही अशी सोय. आज व्हीआर हेडसेट घालून लोक पहिल्या मिनिटाला जे "ओह!" करतात ना, तेच तेव्हा लोक पैसे मोजून करत होते.

आणि या खेळात आपण फार लवकर आलो, पण देखाव्याचा भाग म्हणून. ४ मे १७९९ ला श्रीरंगपट्टण पडलं, टिपू सुलतान मारला गेला. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये रॉबर्ट केर पोर्टर या विशीतल्या पोराने त्या हल्ल्याचं १२० फूट लांब चित्र लावलं. भारतात त्याने तोवर पाऊलही ठेवलं नव्हतं. लंडनकरांनी मात्र तेच बघून ठरवलं की लढाई अशी झाली. रील बघून मत बनवणाऱ्यांना नावं ठेवण्याआधी हे लक्षात असू द्या.

१८३९ मध्ये डागेरोटाइप आला, म्हणजे चांदीचा मुलामा दिलेल्या पत्र्यावरचा फोटो. मग लोकांनी दोन रस्ते धरले. तुमच्या फोनमध्ये आज हे दोन्ही रस्ते येऊन मिळतात, म्हणून थोडं सावकाश सांगतो.

पहिला रस्ता म्हणजे एक फोटो काढा, कॅमेरा थोडा वळवा, दुसरा काढा, आणि सगळे शेजारी शेजारी ठेवा. २४ सप्टेंबर १८४८ ला चार्ल्स फाँटेन आणि विल्यम पोर्टर या दोघांनी ओहायो नदीच्या पलीकडच्या काठावरून सिनसिनाटी शहराचा धक्का असा आठ पत्र्यांवर टिपला. अलीकडे हे पत्रे सूक्ष्मदर्शकाखाली ठेवले तेव्हा शहरातल्या घड्याळाच्या मनोऱ्यावर किती वाजलेत तेसुद्धा वाचता आलं. दीडशेहून जास्त वर्षं ते काटे त्या पत्र्यावर होते, बघायला कुणाकडे तेवढं झूम नव्हतं एवढंच. मेगापिक्सलवरून भांडणाऱ्या मित्राला हे ऐकवा.

दुसरा रस्ता म्हणजे फोटो तोडायचाच नाही. फोटो घेता घेता भिंगच फिरवायचं. पॅरिसमध्ये फ्रेडरिक फॉन मार्टेन्सने १८४० च्या दशकात असा कॅमेरा केला. आत पत्रा अर्धगोल वाकवलेला, आणि समोर फिरणारं भिंग एका बारीक फटीतून त्यावर थोडा थोडा प्रकाश टाकत जाणार.

या दुसऱ्या रस्त्याचा खरा राजा सर्कट कॅमेरा, १९०४ चा. यात अख्खा कॅमेराच दातेरी चक्रावर गोल फिरतो आणि आतली फिल्म त्याच वेगाने उलट दिशेने सरकते. मध्ये उभी फट. म्हणजे कुठल्याही क्षणी फिल्मवर समोरच्या जगाची एक उभी पट्टीच पडत असते. फोटोची डावी कड काही सेकंद आधीची, उजवी कड काही सेकंद नंतरची. लांबच लांब शाळेचे, पलटणींचे ग्रुप फोटो असे निघायचे. माणसं सरळ रांगेत उभी केली तर टोकाची माणसं लांब पडून लहान दिसतात, म्हणून सगळ्यांना कॅमेऱ्याभोवती कमानीत बसवायचे. फोटोत रांग सरळ, आणि मागची सरळ इमारत मात्र वाकडी! आणि वर्गातला एखादा वात्रट मुलगा कॅमेऱ्याने आपल्याला टिपलं की मागून धावत दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा उभा राहायचा. एकाच फोटोत दोनदा.

आले ना बाबा? साठीच्या माणसाने नकळत वात्रट मुलाचा खेळ केला होता.

आता तुमचा फोन काय करतो बघा. तुम्ही बाणाच्या रेषेवर फोन फिरवता तेव्हा तो भराभर फ्रेम घेत असतो आणि साधारणपणे प्रत्येक फ्रेममधली मधलीच उभी पट्टी वापरतो. शेजारच्या पट्ट्या थोड्या एकमेकींवर येतात, आणि किती फिरलो याचा अंदाज जायरोस्कोपकडून आणि चित्रातल्या खुणांवरून लागतो. म्हणजे आतून हा सर्कटच, फक्त दातेरी चक्राच्या जागी तुमचं मनगट. म्हणून तुम्ही फिरवता त्याच दिशेने रिक्षा जात असेल तर ती बससारखी लांबते, उलट दिशेने येत असेल तर चेपते. कुत्रा फोनच्या वेगाने चालला तर त्याचे पाय परत परत पट्टीत येतात. सहा पाय होतात ते असे.

पहिल्या रस्त्याचं, म्हणजे सुटे फोटो शिवायचं काम कंप्युटरला शिकवायला बराच वेळ गेला. दोन फोटोंत तोच खांब, तीच खिडकी ओळखायची कशी? एकात तो खांब जरा मोठा, जरा तिरका, उजेडही वेगळा. डेव्हिड लो यांनी १९९९ मध्ये सिफ्ट नावाची पद्धत मांडली. चित्रातले असे बिंदू शोधायचे जे आकार बदलला, चित्र फिरलं तरी ओळखू येतात. पण जोड्या लावताना चुका होतातच, चाळीतल्या वीस खिडक्या एकसारख्याच असतात ना. तिथे १९८१ ची रॅनसॅक नावाची युक्ती येते. थोड्याच जोड्या आंधळेपणाने उचला, त्यावरून फोटो कसा बसेल ते ठरवा, बाकी किती जोड्यांना ते पटतं ते मोजा. असं पुष्कळदा करा, जास्तीत जास्त मतं मिळतील तो निकाल खरा. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा सोसायटीची मीटिंग आठवली, फरक एवढाच की इथे निकाल लागतो. २००३ मध्ये मॅथ्यू ब्राउन आणि लो यांनी हे सगळं एकत्र बांधलं. फोटोंचा ढीग द्या, कोणता कोणाच्या शेजारी हे प्रोग्रॅमच ओळखणार. पुढचं पटकन सांगतो, २००९ मध्ये सोनीच्या कॅमेऱ्यात 'फिरवा आणि मिळवा' आलं, २०११ मध्ये अँड्रॉइड ४.० मध्ये आणि २०१२ मध्ये आयफोनमध्ये. ट्रेकवरच्या "थांब रे, पॅनो काढतोय" ची सुरुवात तिथून.

एक कामाची टीपही देऊन टाकतो. आपण फोन हातभर लांब धरून स्वतःभोवती फिरतो. त्यात कॅमेऱ्याची जागाच बदलते, आणि जवळचा कठडा व लांबचा डोंगर एकमेकांशी जुळत नाहीत. फोन छातीजवळ आणा आणि फोन जागेवर राहील असं स्वतः त्याच्याभोवती फिरा. जवळ काही नसेल तर फारसा फरक पडत नाही. चाळीच्या चौकात मात्र पडतो.

आता ज्या गोष्टीसाठी हा भाग केला, तिच्याकडे येतो.

२५ नोव्हेंबर १८४६. दिल्ली. मझहर अली खान नावाचा चित्रकार लाल किल्ल्याच्या लाहोरी दरवाज्याच्या माथ्यावरून दिसणारी दिल्ली जवळजवळ ३६० अंशांत रंगवतो. पाच कागद, जोडले की जवळपास पाच मीटर. हे काम मुघल दरबारातला कंपनीचा प्रतिनिधी थॉमस मेटकाफ याच्यासाठी होतं. त्यात एका बाजूला किल्ल्याच्या आतले महाल, बागा, भिंतीला भिंत लागून असलेल्या वस्त्या. दुसरीकडे चांदणी चौक, जामा मशीद, आणि मध्ये घरं, घरं, घरं. तेव्हा बहादूरशाह जफर आत राहत होता.

अकरा वर्षांनी १८५७ झालं. सप्टेंबरमध्ये इंग्रजांनी दिल्ली परत घेतली, आणि त्यानंतर सूड आणि लष्करी सोय या दोन्ही नावांखाली किल्ल्याच्या आतले बहुतेक महाल पाडून तिथे सोल्जरांच्या बराकी बांधल्या. किल्ल्यासमोरची दाट वस्ती तोफांना मोकळं मैदान हवं म्हणून साफ केली. जफरला रंगूनला पाठवलं. आज आपण लाल किल्ल्यात शिरतो आणि आत एवढी मोकळी हिरवळ बघून "वा, काय ऐसपैस ठेवलंय" म्हणतो. मीही म्हटलं होतं, कॉलेजच्या सहलीत. ती ऐसपैस जागा म्हणजे पाडापाडी आहे.

१८५८ मध्ये फेलिचे बिआतो हा फोटोग्राफर आला. काचेच्या प्लेटा, रसायनं, हमाल असा सगळा लवाजमा घेऊन. जामा मशिदीच्या मिनारावरून त्याने दिल्लीचा पॅनोरमा घेतला, लखनऊतही घेतले. पहिल्या रस्त्याने, एकेक प्लेट करत. प्रत्येक प्लेटमध्ये वेळ गेलेला आहे, आणि रस्त्यावर हलणारी माणसं तेवढ्या वेळात टिपलीच जात नाहीत. त्यामुळे शहर होतं त्याहून अधिक ओसाड दिसतं. पण दिल्लीच्या बाबतीत कॅमेऱ्याला सगळा दोष देता येत नाही. शहरातली माणसं खरोखरच हाकलली होती.

मझहर अलींचं चित्र आणि बिआतोचे फोटो शेजारी उघडून मी एका रात्री बसलो होतो. चित्र आज ब्रिटिश लायब्ररीत आहे. माझ्यातला इंजिनिअर दोन्हींत जुळणारे बिंदू शोधत होता. जामा मशिदीचे घुमट जुळतात. किल्ल्याची भिंत जुळते. त्यांच्या मधलं मात्र आज जाऊन कुणी फोटो काढला तर कशाशीच जुळणार नाही. रॅनसॅकच्या भाषेत ते सगळे चुकीचे बिंदू, फेकून द्यायचे. आणि गंमत बघा, हे चित्र ज्याने करून घेतलं तो सत्तेचाच माणूस. शहर आपल्या मुठीत आहे हे दाखवायला असली चित्रं लागतात, उंचावरून सगळं दिसतं म्हणून. पण मझहर अलींनी घरं नुसती ठिपक्यांनी उडवली नाहीत. ती काढली. मालकाला काय हवं होतं ते मालकाबरोबर गेलं, कागदावर उरल्या त्या गच्च्या.

लालबागच्या आमच्या चौकात आता टॉवरचं पार्किंग आहे. आम्ही अकराव्या मजल्यावर असतो, बाल्कनीतून छान पॅनोरमा येतो, समुद्राची एक रेघसुद्धा. गेल्या दिवाळीत मी तो जुना फोटो मोठा करून फ्रेम करायला दिला. दुकानदाराने तो काउंटरवर पसरला, बराच वेळ बघितला आणि म्हणाला, "साहेब, माणूस डबल आलाय. एक बाजू कापू का? साइजही बसेल."

बाबा माझ्या शेजारीच उभे होते. ते म्हणाले, "नको. डावीकडून कापलंस तर जिना जातो, उजवीकडून कापलंस तर नळ."

फ्रेम साडेचार फुटांची झाली. लिफ्टमध्ये मावेना, तिरकी करून आणली.