संवर्धित व वन्य मत्स्यांतील आनुवंशिक भेद

माणसाने पाळलेले मत्स्य-वाण आणि त्याच जातीचे नैसर्गिक पाण्यातील मासे यांच्यात पिढ्यानुपिढ्या पडत जाणारा व वंशपरंपरेने पुढे जाणारा फरक. गाय, शेळी, कोंबडी यांच्या बाबतीत असा फरक पडण्यास हजारो वर्षे लागली आणि तोपर्यंत त्यांचे रानटी पूर्वज बहुतेक ठिकाणी नष्ट झाले किंवा माणसापासून दूर गेले. माशांचे तसे नाही. थोडे अपवाद सोडता माशांच्या जाती गेल्या शंभर वर्षांतच माणसाळू लागल्या आणि ज्या पाण्यात त्या पाळल्या जातात त्याच पाण्यात किंवा त्याला लागून त्यांचे वन्य भाऊबंद अद्याप राहतात. जाळे फाटले की दोघे एकत्र येतात. म्हणून पशुपालनात केवळ कुतूहलाचा असणारा हा प्रश्न मत्स्यसंवर्धनात व्यवहाराचा आणि वादाचा झाला आहे.

अपवादांत सर्वांत जुना सामान्य कार्प हा मासा होय. चीनमध्ये तो फार प्राचीन काळापासून व युरोपात मध्ययुगापासून तळ्यांत पाळला जातो; परंतु दोन्हीकडील पद्धती भिन्न होत्या. युरोपात शरद ऋतूत तळे पूर्ण रिकामे करीत, सगळे मासे समोर येत आणि त्यांतील थोर व पुष्ट मासे पैदाशीसाठी राखून ठेवीत. चीनमध्ये तळ्यात अनेक जाती दाटीने एकत्र असत, खाद्य म्हणजे मुख्यतः शेणखतावर वाढलेले सूक्ष्मजीव व वनस्पती आणि मासे वारंवार ओढजाळ्याने काढले जात. जो जाळ्यातून निसटे त्याचीच संतती पुढे चाले. इझ्राएलमधील वोल्फार्थ, मोआव्ह व हुलाता या संशोधकांनी दोन्ही वंश शेजारी शेजारी वाढवून १९७५ मध्ये त्यांची तुलना प्रसिद्ध केली. युरोपीय कार्प उत्तम खाद्यावर झपाट्याने वाढतो, उशिरा वयात येतो व सहज जाळ्यात सापडतो. चिनी कार्प सावकाश वाढतो, लवकर प्रजननक्षम होतो, जाळे चुकविण्यात तरबेज असतो आणि हलाखीच्या तळ्यात युरोपीय कार्पाच्या मानाने चांगला टिकाव धरतो. चिनी शेतकऱ्याने हे गुण मुद्दाम निवडले नव्हते. त्याच्या जाळ्याने ते निवडले. संवर्धनाची रीतच निवड करीत असते, हा मुद्दा या तुलनेमुळे प्रथमच इतक्या स्पष्टपणे पुढे आला. कार्पाच्या खवल्यांचे, म्हणजे आरसे-कार्प, चामडी-कार्प इ. प्रकारांचे, आनुवंशिक नियम रशियन शास्त्रज्ञ किरपिच्निकॉव्ह यांसारख्यांनी त्याआधीच उलगडले होते. पण ते बाह्य लक्षणांपुरते होते.

या विषयाचा खरा इतिहास मात्र अटलांटिक सॅमन (साल्मो सालार) या माशाभोवती घडला. (मुंबईच्या बाजारात रावसाला ‘इंडियन सॅमन’ म्हणतात, त्याचा या माशाशी संबंध नाही.) सॅमन गोड्या पाण्यात जन्मतो, एक ते पाच वर्षे नदीत काढून समुद्रात उतरतो व तेथे एक ते चार वर्षे वाढून बहुधा आपल्या जन्मनदीतच प्रजननासाठी परत येतो. या घरओढीमुळे प्रत्येक नदीतील सॅमनचा समुदाय इतर नद्यांतील समुदायांपासून बराचसा अलग राहिला. नदीचे तापमान, प्रवाहाचा जोर, परतीचा हंगाम यांच्याशी जुळलेले गुण त्यात हिमयुगानंतरच्या हजारो वर्षांत स्थिरावले.

नॉर्वेच्या हित्रा बेटावर ग्रोंटव्हेट बंधूंनी १९७० मध्ये सॅमनची पिल्ले समुद्रातील तरंगत्या जाळीदार पिंजऱ्यात सोडली आणि हा धंदा फायद्याचा होऊ शकतो असे दाखवून दिले. लगेच, १९७१ मध्ये, हाराल्ड शेर्वोल व ट्रिग्वे येद्रेम यांच्या नेतृत्वाखाली सुन्दाल्सओरा येथील केंद्रात निवड-प्रजननाचा कार्यक्रम सुरू झाला. शेर्वोल हे गुरांच्या पैदाशीचे प्राध्यापक होते आणि दुभत्या गुरांना लावलेले गणित त्यांनी माशाला लावले. सुमारे ४० नद्यांतून अंडी व शुक्ररस गोळा करण्यात आला. सॅमनची पिढी चार वर्षांची असल्याने एकापाठोपाठ एक अशा चार वर्षांचे चार स्वतंत्र संच तयार करावे लागले. प्रत्येक जोडीची पिल्ले खूण करण्याइतकी मोठी होईपर्यंत वेगळ्या टाकीत ठेवीत. मांसाचा रंग, चरबी यांसारखे जे गुण मासा कापल्याशिवाय कळत नाहीत ते त्याच्या सख्ख्या व सावत्र भावंडांवरून अजमावीत. प्रारंभी केवळ वाढीचा वेग पाहिला जाई. पुढे लवकर वयात न येणे, रोगप्रतिकार व मांसाची प्रत यांची भर पडली. वाढीत दर पिढीला १० टक्क्यांहून अधिक सुधारणा झाली. पशुपैदाशीच्या मापाने हे यश असामान्यच म्हटले पाहिजे. एका मादीची हजारो अंडी व त्यामुळे निवडीस मिळणारा मोठा वाव हे त्याचे एक प्रमुख कारण होय.

सुमारे बारा पिढ्यांत या माशाचे काय झाले? टाकीत भरपूर खाद्यावर वाढविल्यास संवर्धित पिल्लू वन्य पिल्लाच्या कित्येक पट मोठे होते. नदीत सोडल्यास ही आघाडी बरीच आटते, कारण तेथे अन्न मिळवावे लागते व जीव वाचवावा लागतो. ज्यांची कोणी निवड केली नाही असे गुणही बदलले. वाढीच्या हॉर्मोनाचे रक्तातील प्रमाण वाढले आणि भक्षकाची भीती कमी झाली. शत्रूची हालचाल दिसताच वन्य पिल्लू दडून बसते व बराच वेळ बाहेर येत नाही. संवर्धित पिल्लू थोड्याच वेळात पुन्हा खाण्यास निघते. पिंजऱ्यात हे धाष्टर्य फायद्याचे असते, कारण तेथे बगळा नाही आणि पाणमांजरही नाही. दोन्ही गटांत जीन तेच असतात. भेद आहे तो त्यांच्या पर्यायी रूपांच्या वारंवारतेत. म्हणून एकाच खुणेवरून संवर्धित मासा ओळखता येत नाही. नॉर्वेतील संशोधकांनी २०११ मध्ये डीएनएतील एकाक्षरी फरकांच्या ६० जागा निश्चित केल्या. त्या एकत्र पाहिल्यास मासा कोणत्या नदीचा आहे हे माहीत नसतानाही तो संवर्धित वंशाचा की वन्य, हे सांगता येऊ लागले. [⟶ आनुवंशिकी].

पिंजरे फाटतात. हिवाळी वादळे, नांगराचे तुटलेले दोर, नौकांचे धक्के यांमुळे १९८० नंतर निसटलेले सॅमन नॉर्वेच्या नद्यांत मोठ्या संख्येने दिसू लागले. जन्मनदीची आठवण नसल्याने ते जवळच्या कोणत्याही नदीत शिरत. त्यांच्यामुळे वन्य वंशाचे नुकसान होते काय, या प्रश्नाची दोन उत्तरे प्रयोगांनी दिली. नॉर्वेतील इम्सा नदीत संवर्धित व स्थानिक मासे एकत्र सोडून त्यांच्या संततीचा समुद्रातून परतण्यापर्यंत मागोवा घेण्यात आला; २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार संवर्धित माशांचे आयुष्यभराचे प्रजननयश स्थानिकांच्या केवळ १६ टक्के भरले. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील बरिशूल नदीसंहतीत दोन पिढ्या चाललेल्या प्रयोगात (२००३) ते जेमतेम २ टक्के होते आणि संकरज मासे या दोन टोकांच्या मध्ये पडले.

ही आकडेवारी पाहून काही संवर्धकांनी असा युक्तिवाद केला की दुबळे परके जीन निसर्ग स्वतःच गाळून टाकील. तो अपुरा आहे. संवर्धित व संकरज पिल्ले नदीत वन्य पिल्लांपेक्षा आकाराने मोठी असतात व त्यांना चांगल्या जागांवरून हुसकावतात. पुढे त्यांतील बहुतेक समुद्रात मरतात, पण तोपर्यंत विस्थापित वन्य पिल्लांचे नुकसान होऊन गेलेले असते. इम्सा नदीत स्थानिक माशांची उत्पादकता या स्पर्धेमुळे ३० टक्क्यांहून अधिक घटली. शिवाय निसटण्याचा प्रकार एकदाच घडून थांबत नाही, दर वर्षी परक्या जीनांची नवी भर पडते. जेथे वन्य समुदाय भरगच्च आहे तेथे परक्यांना जागा मिळत नाही. जेथे तो आधीच विरळ आहे तेथेच ते शिरकाव करतात. म्हणजे ज्या नदीला संरक्षणाची सर्वाधिक गरज, तिलाच हा धोका अधिक.

प्रत्यक्षात किती मिसळ झाली हे मोजण्यासाठी एका अनपेक्षित साधनाचा उपयोग झाला. माशाचे वय खवल्यांवरील वलयांवरून ठरविण्याची जुनी पद्धत असल्यामुळे पूर्वीच्या दशकांतील सॅमनचे खवले कागदी पाकिटांत साठविलेले होते. त्यांना चिकटलेल्या ऊतकांतून डीएनए काढता आला आणि मत्स्यसंवर्धनापूर्वीचा सॅमन तुलनेसाठी हाती आला. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, पुरेसे नमुने मिळालेल्या १०९ नद्यांत संवर्धित वंशाचा अंश सरासरी ६·४ टक्के आढळला. काही नद्यांत तो शून्य, तर एका नदीत ४२·२ टक्के होता. ५१ नद्यांतील मिसळ संख्याशास्त्रीय दृष्ट्या निःसंशय ठरली. पुढच्याच वर्षी असेही दाखविण्यात आले की ज्या वन्य सॅमनमध्ये हा अंश अधिक, त्यांचे प्रजननाचे वय व त्या वेळचा आकार बदललेला असतो.

नॉर्वेतील वन्य सॅमनची घट केवळ यामुळे झाली असे म्हणणे मात्र चुकीचे होईल. दक्षिणेकडील नद्या आम्लवर्षेने उद्ध्वस्त झाल्या, अनेक ठिकाणी जलविद्युत् बंधारे आले, पिंजऱ्यांतून पसरणाऱ्या सागरी उवांनी समुद्राकडे निघालेली पिल्ले मारली आणि समुद्रातही सॅमन पूर्वीइतका जगत नाही. आनुवंशिक मिसळ ही या साऱ्यांत सर्वांत कमी दिसणारी पण परत न फिरविता येणारी हानी होय. आम्लता चुन्याने घालविता येते. गमावलेला जीन-संच पुन्हा आणता येत नाही. हे ओळखून १९८६ पासून तेथे वन्य सॅमनचा शुक्ररस गोठवून साठविण्यात येऊ लागला. पुढे ५२ नद्या व २९ फ्योर्ड विशेष संरक्षणाखाली आणण्यात आले. २०२१ मध्ये वन्य सॅमनची नोंद नॉर्वेच्या लाल यादीत झाली आणि २०२४ च्या उन्हाळ्यात परतणाऱ्या माशांची संख्या इतकी घसरली की हंगामाच्या मध्यावर ३३ नद्यांतील मासेमारी थांबवावी लागली. अंड्यांवर दाब देऊन तीन गुणसूत्र-संच असलेले वंध्य मासे तयार करणे हा एक उपाय सुचविला जातो.

मुद्दाम निवड न करताही भेद पडतो, याचा पुरावा अमेरिकेतून मिळाला. ऑरेगन राज्यातील हूड नदीतील समुद्रगामी ट्राउटच्या २००७ मधील अभ्यासात, उबवणी केंद्रात काढलेल्या प्रत्येक पिढीमागे माशाची निसर्गातील प्रजननक्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटत असल्याचे आढळले. ही केंद्रे नदीतील मासे वाढावेत म्हणूनच चालविली जात होती.

भारतात १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी व के. एच्. अलिकुन्ही यांनी पोष ग्रंथीच्या अर्काने कार्प माशांचे प्रेरित प्रजनन यशस्वी केले. तोवर नदीतून गोळा होणारे मत्स्यबीज त्यानंतर उबवणी केंद्रांतून मिळू लागले. सोय मोठी झाली, पण थोड्याच नर-माद्यांपासून वर्षानुवर्षे बीज काढल्याने अंतःप्रजनन वाढले आणि कटला, रोहू व मृगळ यांचे एकाच हौदात प्रजनन केल्याने नकळत संकर झाले. भुवनेश्वरजवळील कौसल्यागंगा येथील केंद्रीय संस्थेने नॉर्वेच्या त्याच परंपरेतील संस्थेच्या सहकार्याने गंगा, यमुना, गोमती, सतलज व ब्रह्मपुत्रा या नद्यांतील रोहू एकत्र करून निवड-प्रजनन केले. स्वातंत्र्याच्या सुवर्णमहोत्सवी वर्षात, १९९७ मध्ये, तो वाण ‘जयंती’ या नावाने प्रसृत झाला.

महाराष्ट्राशी संबंधित उदाहरण मात्र वाढीव उत्पन्नाचे नसून सद्हेतूचे आहे. टॉर खुद्री या महसीर माशाचे वर्णन साइक्स यांनी १८३९ मध्ये पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील नमुन्यांवरून केले. धरणांमुळे तो दुर्मिळ होऊ लागल्यावर लोणावळ्याच्या जलविद्युत् तलावांवर १९७० नंतरच्या दशकात त्याची कृत्रिम पैदास सुरू झाली व पिल्ले देशातील अनेक नद्यांत सोडण्यात आली. त्यांत कावेरीही होती. महसीर म्हणजे महसीर, असा तेव्हाचा समज होता. कावेरीत मात्र पाठीवर उंचवटा असलेला, त्या खोऱ्याबाहेर न आढळणारा दुसराच महसीर होता. गळाने मासेमारी करणाऱ्या हौशी लोकांच्या नोंदींवरून पुढे असे दिसून आले, की खुद्रीची संख्या वाढत गेली तसा तो दिसेनासा झाला. त्याची शास्त्रीय ओळख टॉर रेमादेवी म्हणून २०१८ मध्ये पटली आणि त्याच वर्षी तो अतिसंकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय यादीत गेला.