रुळांवर कोणाची भाषा?

मॉडेल रेल्वेचा छंद लागलेल्या प्रत्येकासमोर कधी ना कधी एक प्रश्न येतो : डिजिटल कंट्रोल सिस्टीम कोणती घ्यायची? माझ्यासमोर तो आला तेव्हा घरातल्या फळीवर एचओ स्केलचे, म्हणजे १:८७ प्रमाणातले रूळ, दोन सांधे आणि तीन इंजिनं एवढा संसार होता. परदेशी कंट्रोलर, कुरिअर आणि कस्टम ड्यूटी यांची बेरीज पगाराचा मोठा घास घेणारी होती. उद्या त्या कंपनीने गाशा गुंडाळला तर माझी इंजिनं मुकी होणार का, हे मला आधी जाणून घ्यायचं होतं. म्हणून फीचर्सचे तक्ते बाजूला ठेवले आणि इतिहास वाचायला घेतला.

मूळ अडचण अगदी साधी आहे. जुन्या पद्धतीत रुळांच्या दोन पट्ट्यांतून डीसी वीज सोडतात. व्होल्टेज वाढवलं की वेग वाढतो, प्लस-मायनस उलटं केलं की गाडी मागे जाते. म्हणजे आपल्या हातातला खटका इंजिनाला नाही, रुळांना हुकूम देत असतो. एकाच रुळावर दोन इंजिनं ठेवली की दोन्ही एकदम निघतात. यावर उपाय होता रुळांचे तुकडे पाडण्याचा. प्रत्येक तुकडा विजेच्या दृष्टीने वेगळा, प्रत्येकाला स्वतःचा स्विच. गाडी पुढच्या तुकड्यात शिरायच्या आत तो स्विच आपल्या कंट्रोलरकडे वळवायचा. गाडी चालवणं राहिलं बाजूला, माणूस स्विचच दाबत बसायचा.

अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये १९४६च्या सुमाराला सुरू झालेल्या ‘टेक मॉडेल रेलरोड क्लब’च्या पोरांनी या कटकटीवर टेलिफोन एक्स्चेंजचे रिले आणि डायल वापरून तोडगा काढला. फोनची तबकडी फिरवून कोणता तुकडा कोणाच्या ताब्यात द्यायचा हे ठरायचं. टेबलाखालच्या त्या तारांच्या जंगलाला ते ‘द सिस्टीम’ म्हणत. आज आपण ‘हॅक’ हा शब्द ज्या अर्थाने वापरतो, तो याच टेबलाखाली रुजला. स्टीव्हन लेव्ही यांच्या १९८४ सालच्या ‘हॅकर्स’ या पुस्तकाची सुरुवातही याच क्लबपासून होते.

पण रिले कितीही हुशारीने जोडले तरी हुकूम रुळांनाच जात होता. खरा सांधा बदलायचा तर प्रत्येक इंजिनाला नाव द्यायला हवं, आणि आपलं नाव पुकारलं गेलं हे त्याला कळायला हवं. १९६०च्या दशकात जनरल इलेक्ट्रिकने ‘ॲस्ट्रॅक’ आणलं. त्यात प्रत्येक इंजिनाला वेगळी फ्रिक्वेन्सी होती, आणि पाच गाड्यांवर मामला संपत होता. १९७९मध्ये ब्रिटनच्या हॉर्नबीने ‘झीरो-१’ बाजारात आणलं. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या चार बिटच्या टीएमएस १००० चिपवर चालणारं हे यंत्र सोळा इंजिनांना ओळखायचं. १९८५मध्ये जर्मनीच्या मेर्कलिनने ‘मेर्कलिन डिजिटल’ विकायला काढलं. त्यासाठी रिमोट कंट्रोलकरता बनलेल्या मोटोरोलाच्या चिप वापरल्या होत्या. त्यांच्या पत्त्यात चार खाणी, प्रत्येक खाणीत तीन शक्यता. ३ × ३ × ३ × ३ म्हणजे ८१, आणि त्यातले ८० पत्ते वापरात.

तिन्ही यंत्रं आपापल्या काळात अफलातून होती. पण यातल्या कुठल्याही एका यंत्राचा डिकोडर दुसऱ्याची भाषा समजत नव्हता. हॉर्नबीने झीरो-१ बंद केलं तेव्हा लोकांच्या कपाटांत चांगली चालणारी इंजिनं उरली, पण त्यांच्याशी बोलू शकणारं नवं यंत्र दुकानात उरलं नाही.

इथे कथेत एक छंदी संघटना येते. ‘नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन’, म्हणजेच एनएमआरए, १९३५मध्ये अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात स्थापन झाली. एका कंपनीचा डबा दुसऱ्या कंपनीच्या रुळांवरून घसरू नये, म्हणून चाकांची आणि रुळांची मापं ठरवणं हे तिचं आद्य काम. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिने तोच न्याय विजेच्या सिग्नलला लावला. तेव्हाच्या पद्धती तपासून जर्मन अभियंता बेर्न्ड लेन्झ यांच्या पद्धतीचा पाया निवडला गेला. तो विस्तारून १९९४मध्ये जे स्टँडर्ड मंजूर झालं, ते आजचं डीसीसी, म्हणजे डिजिटल कमांड कंट्रोल.

त्याची रचना कोणाही प्रोग्रॅमरला आवडावी अशी आहे. रुळांवर आता सतत पूर्ण व्होल्टेज असतं, फक्त त्याची दिशा झपाझप उलटत राहते. दोन उलट्यांमधलं अंतर साधारण ५८ मायक्रोसेकंद असेल तर तो ‘एक’, १०० किंवा जास्त असेल तर ‘शून्य’. म्हणजे ज्या विजेवर मोटर चालते, तीच वीज निरोपही घेऊन जाते. सुरुवातीला ओळीने ‘एक’ येतात, जणू कुणी ‘ऐका हो ऐका’ म्हणतंय. मग इंजिनाचा पत्ता, मग हुकूम, आणि शेवटी आधीच्या सगळ्या बाइट्सचा एक्सऑर. तो जुळला नाही तर डिकोडर निरोप फेकून देतो. मळक्या रुळांवर ठिणग्या उडत असताना हेच शहाणपणाचं. निरोप चुकला तरी बिघडत नाही, कारण कमांड स्टेशन तो पुन्हा पुन्हा पाठवतच असतं. नव्या कोऱ्या डिकोडरचा पत्ता ३ असतो. कुठल्याही कंपनीचा घ्या, खोक्यातून काढून रुळांवर ठेवा आणि तीन नंबरला हाक मारा.

पण स्टँडर्ड वाचताना मला सगळ्यात जास्त अडवलं ते त्यात नसलेल्या गोष्टीने. एनएमआरएने फक्त रुळांवरची भाषा पक्की केली. हातातला कंट्रोलर आणि कमांड स्टेशन यांच्यातली तार कोणत्या भाषेत बोलेल, हे कंपन्यांवर सोडलं. म्हणून डिजिट्रॅक्सचं लोकोनेट वेगळं, लेन्झचं एक्सप्रेसनेट वेगळं, एनसीईची तऱ्हा तिसरी. एकाचा कंट्रोलर दुसऱ्याला थेट जोडता येत नाही. गैरसोय आहे खरी. तरी मला ही सीमारेषा बरोबर जागी पडलेली वाटते. रुळाच्या बाजूला शेकडो इंजिनं साठत जातात, ती बदलणं महाग. हाताच्या बाजूला एक-दोन यंत्रं, आणि तिथेच नवनव्या कल्पनांना वाव. जिथे माणसाची आयुष्यभराची कमाई अडकलेली असते तिथे नियम पक्के केले, आणि उरलेला बाजार मोकळा ठेवला. १९९०च्या दशकातला डीसीसी डिकोडर आजच्या कमांड स्टेशनला ओ देतो, तो यामुळे.

या मोकळ्या बाजूला पूल बांधला सॉफ्टवेअरने. बर्कलीतले भौतिकशास्त्रज्ञ रॉबर्ट जेकबसन आणि अनेक स्वयंसेवकांनी लिहिलेलं जेएमआरआय हे फुकट, ओपन सोर्स सॉफ्टवेअर अनेक कंपन्यांच्या कमांड स्टेशनांशी त्यांच्या त्यांच्या भाषेत बोलतं. आणि याच खेळण्यांच्या सॉफ्टवेअरवरून एक खटला उभा राहिला, ज्याचा फायदा तुमच्या फोनमधल्या ओपन सोर्स कोडलाही होतो.

ओरेगॉनमधल्या एका कंपनीने आपल्याकडे मॉडेल रेल्वे नियंत्रणाचं पेटंट असल्याचं सांगून जेकबसन यांच्याकडे दोन लाख डॉलरहून जास्त रॉयल्टी मागितली. फुकट वाटलेल्या प्रोग्रॅमसाठी! २००६मध्ये जेकबसन स्वतःच कोर्टात गेले. पुढे असंही समोर आलं, की जेएमआरआयमधल्या डिकोडरच्या माहितीच्या फायली त्या कंपनीच्या उत्पादनात लेखकांची नावं आणि कॉपीराइटची नोंद काढून वापरल्या होत्या. खालच्या कोर्टाचं म्हणणं पडलं, की हा फार तर कराराचा भंग, कॉपीराइटचा नाही. हे टिकलं असतं तर ओपन सोर्स लायसन्सला फारसे दात उरले नसते. फुकट दिलेल्या गोष्टीचा करार मोडला तर नुकसानभरपाई कसली मागणार?

१३ ऑगस्ट २००८ रोजी अमेरिकेच्या फेडरल सर्किट अपील कोर्टाने ‘जेकबसन विरुद्ध कॅट्झर’ खटल्यात हा निर्णय फिरवला. लेखकाचं नाव ठेवा, बदल कुठे केला ते सांगा, या लायसन्समधल्या अटी म्हणजे नुसती विनंती नव्हे. त्या पाळल्या नाहीत तर कॉपीराइटचा भंग होऊ शकतो, असं कोर्टाने स्पष्ट केलं. पैशांची देवाणघेवाण झाली नाही म्हणून लेखकाचं काही आर्थिक हित नसतंच असंही मानता येत नाही, हेही सांगितलं. २०१०मध्ये तडजोड झाली आणि जेकबसन यांना एक लाख डॉलर देण्याचं ठरलं. कोणाच्या तरी माळ्यावरच्या गाड्यांसाठी लिहिलेल्या कोडमुळे हा कायदा पक्का झाला. ऑफिसात रोज एखादी ओपन सोर्स लायब्ररी जोडताना वरच्या त्या कंटाळवाण्या नोंदीकडे मी आता जरा थांबून बघतो.

एवढं वाचून झाल्यावर निवड अवघड राहिली नाही. मी डीसीसी-ईएक्स घेतलं. आर्डुइनो मेगा, त्यावर एक मोटर शील्ड आणि सगळ्यांना खुला असलेला कोड. यातलं हार्डवेअर आपल्याकडे इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळतं, जळलं तर दुसरं आणता येतं. ते जेएमआरआयशी जोडता येतं, आणि ‘इंजिन ड्रायव्हर’ हे ॲप टाकलं की अँड्रॉइड फोन हाच कंट्रोलर होतो. ज्याला सोल्डरिंग आणि कोडची भानगड नको, त्याने तयार यंत्र खुशाल घ्यावं. त्यात कमीपणा काही नाही. दाबायला खरं बटण आणि फिरवायला खरा नॉब याचं सुख फोनच्या काचेवर मिळतही नाही. फक्त पैसे देण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात. रुळांवर जाणारा सिग्नल डीसीसीचाच आहे ना? कंट्रोलरच्या तारेवरची भाषा कंपनीने छापून जाहीर केली आहे का? जेएमआरआय त्याला ओळखतं का?

तिन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तर डब्यावर कुठल्याही कंपनीचं नाव असलं तरी चालेल. उद्या ती कंपनी गेली, तरी तीन नंबरच्या इंजिनाला हाक मारणारं दुसरं कुणीतरी असेल.